गाडी तापेपर्यंत

थंडीच्या दिवसांत सकाळी खिडकी उघडायच्या आधीच मला कळतं, की खाली गाडी सुरू झाली आहे. आधी आवाज येतो. थंड इंजिनाचा आवाज वेगळा असतो. एरवीपेक्षा चढा, जरा कोरडा, आत कुठेतरी धातूला धातू लागत असल्यासारखा. मग वास येतो. तो तापलेल्या गाडीच्या धुराचा नसतो, त्यात अर्धवट जळलेलं पेट्रोल असतं आणि ते नाकाच्या मुळाशी चरचरतं. शेजारचे गृहस्थ गाडी सुरू करतात, सायलेन्सरमधून निघालेली पांढरी वाफ जमिनीलगत पसरायला लागते आणि ते परत घरात निघून जातात. गाडी एकटीच घुरघुरत उभी राहते. बऱ्याच वेळाने ते बाहेर येतात, बॉनेटवर तळहात टेकवून ऊब बघतात, आणि मगच निघतात.

परवा नेमकी त्याच वेळी मी खाली होते. सहज विचारलं, "इतका वेळ चालू ठेवावी लागते का हो?" ते म्हणाले, "अहो, माणसालासुद्धा झोपेतून उठल्याबरोबर कोणी पळवत नाही. हे तर यंत्र. थंड इंजिन हलवलं की आतून झिजतं. आमच्या वडिलांनी शिकवलंय हे." बोलताना त्यांचा हात बॉनेटवरच होता. मी मान डोलावली आणि निघाले, पण ते बोलणं दिवसभर डोक्यातून गेलं नाही. झिजेबद्दल ते बरोबरच बोलत होते. इंजिन थंड असताना जितकं झिजतं, तितकं तापल्यावर झिजत नाही. पण ती झीज टाळण्यासाठी ते जे करत होते, त्याने इंजिन थंड राहण्याचा काळच लांबत होता. आणि हे सगळं ते गाडीवरच्या मायेपोटी करत होते.

ही माया मी घरातच पाहिलेली आहे. बाबांची गाडी कार्बोरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेची होती. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला चोकची काळी गोल मूठ असायची, वापरून वापरून तिच्यावरचं चित्र पुसून गेलेलं. थंडीत ती पूर्ण बाहेर ओढायची, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, आणि मग किल्ली फिरवायची. स्टार्टर जडपणे ओढायचा, इंजिन खोकायचं, बंद पडायचं, पुन्हा खोकायचं आणि मग एकदम सगळी गाडी थरथरत जागी व्हायची. त्यानंतरचं काम मला फार आवडायचं. बाबा मान एका बाजूला कलती करून आवाज ऐकायचे आणि मूठ थोडी थोडी आत ढकलायचे. कधी कधी ते मला करू द्यायचे. घाई केली तर इंजिन गुदमरून बंद पडायचं. उशीर केला तर धूर काळा व्हायचा, पेट्रोलचा दर्प गाडीत भरायचा, आणि एखाद्या सकाळी ठिणगी पाडणारे स्पार्क प्लगच ओले व्हायचे. मग ते काढून पुसून पुन्हा बसवेपर्यंत बोटं गारठून जायची. आवाज जाड व्हायला लागला, की चोक आत घ्यायचा. हे कोणी शब्दांत सांगितलं नव्हतं, ते कानाला कळायला लागलं.

त्यामागचं कारण मला पुष्कळ नंतर समजलं. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते त्याची वाफ. कार्बोरेटरमध्ये हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो, दाब पडतो, आणि त्या पडलेल्या दाबामुळे पेट्रोल हवेत ओढलं जातं. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने, हे ज्वलनाचं नेमकं प्रमाण. पण थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्याचे थेंब राहतात आणि वाटेतल्या गार नळ्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. सिलिंडरपर्यंत, म्हणजे पेट्रोल जिथे जळतं त्या नळकांड्यापर्यंत, पोचणारं मिश्रण इतकं पातळ होतं, की ठिणगी पडूनही पेटत नाही. चोक हवेची वाट अडवतो आणि तिच्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो, म्हणजे निदान त्यातली पुरेशी वाफ होऊन आत पोचेल. इंजिन आणि त्याच्या नळ्या तापेपर्यंत ही तडजोड चालवून घ्यावी लागायची. तेवढ्यात गाडी रस्त्यावर काढली, तर पहिल्याच चौकात, पाठीमागे हॉर्न वाजत असताना, ती हमखास बंद पडायची.

त्या गाडीसाठी ते थांबणं खरंच गरजेचं होतं.

म्हणूनच शेजाऱ्यांच्या वडिलांची शिकवण मला खोडून टाकावीशी वाटत नाही. ती त्यांच्या गाडीबद्दल खरी होती. बदलली ती गाडी. १९६७ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल मोजून फवारण्याची, पद्धत फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. १९७६ साली व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मोटारीत बसवला. पुढे धुराचे नियम कडक होत गेले, तसतसा नव्या मोटारींतून कार्बोरेटर जवळजवळ दिसेनासा झाला. आता इंजिनाचं पाणी किती गार आहे, आत येणारी हवा किती गार आहे, हे सेन्सर सांगतात आणि पेट्रोल किती फवारायचं हे छोटा संगणक ठरवतो. बाबा कान देऊन जे करायचे, ते आता तो क्षणाक्षणाला मोजून करतो. सुरू केल्यानंतर अर्ध्या मिनिटात अशी गाडी निघायला तयार असते. अमेरिकेचं ऊर्जा खातंही मोटार चालवणाऱ्यांना हेच सांगतं, की बहुतेक उत्पादकांच्या मते साधारण ३० सेकंदांनी निघावं आणि सुरुवातीला हळू चालवावं.

पण संगणक आला म्हणून थंडीचा निसर्गनियम काही बदललेला नाही. थंड इंजिनाला अजूनही जास्तीचं पेट्रोल द्यावंच लागतं, आणि त्यातलं सगळं जळत नाही. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवर पडतं. तिथे ऑइलचा एक अतिशय पातळ थर असतो, आत वर-खाली सरकणाऱ्या पिस्टनच्या रिंगा त्याच्यावरून घसरत असतात. पेट्रोल तो थर धुऊन टाकतं, रिंगांच्या कडेने खाली झिरपतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. इंजिन तापलं की हा प्रकार थांबतो. म्हणजे लवकर तापणं हेच इंजिनाच्या हिताचं. आणि उभ्या गाडीत नेमकं तेच होत नाही. न्यूट्रलवर फिरणारं इंजिन जेमतेम स्वतःला फिरवण्यापुरतं पेट्रोल जाळतं, त्यामुळे उष्णता कमी तयार होते. भोवतालच्या गार हवेत तीही निसटत राहते. तापमानाचा काटा वर सरकायला वेळ लागतो, आणि तेवढा सगळा वेळ भिंती धुतल्या जात असतात. हलक्या पायाने चालवलेली गाडी त्याहून कितीतरी आधी तापते, कारण तेव्हा इंजिन काम करत असतं.

शेजाऱ्यांची दुसरी काळजी ऑइलची असणार. बहुतेकांची असते. रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं, थंडीने घट्ट झालेलं असतं, ते वरपर्यंत पोचायला वेळ हवा, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात इंजिन फिरायला लागल्याबरोबर पंप फिरायला लागतो आणि ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझतो. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काही लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा असतो. ५डब्ल्यू ऑइलची सुरुवातीच्या वेळची चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. जुन्या काळचं एकाच ग्रेडचं जाड ऑइल मात्र खरंच गोठल्यासारखं व्हायचं, आणि तेव्हाची भीतीही तितकीच खरी होती. शिवाय गाडी म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. गिअरबॉक्समधलं ऑइल, चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस, शॉक ॲब्सॉर्बर, टायर, हे सगळं रात्रभर तितकंच गारठलेलं असतं आणि उभ्या गाडीत त्यांच्यापर्यंत फारशी ऊब पोचत नाही. ते चाकं फिरायला लागल्यावरच सैल होतं. झोपेतून उठलेल्या माणसाला पळवू नये हे खरं, पण अंथरुणात पडून राहूनही कोणाचं अंग मोकळं होत नाही. ते चार पावलं सावकाश चालल्यावर होतं.

सावकाश हा शब्द मात्र मनापासून घ्यायला हवा. इथे जुन्या माणसांच्या सांगण्यात मोठं तथ्य आहे आणि नव्या गाडीच्या भरवशावर ते विसरलं जातं. बहुतेक इंजिनांत पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात, आणि पुष्कळ इंजिनांत सिलिंडरची भिंत बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून थंड असताना पिस्टन सिलिंडरमध्ये जरा सैल बसेल, असं माप ठेवलेलं असतं. सकाळच्या त्या कोरड्या ठकठकीत पुष्कळदा त्या सैलपणाचाही भाग असतो. हळूहळू तापवलं तर दोघं आपापल्या गतीने मापात येतात. पण थंड इंजिनाला एकदम जोराची रेस दिली, तर पिस्टन आधी तापतो, फुगतो आणि अजून गार असलेली भिंत त्याला जागा देत नाही. टू-स्ट्रोक मोटरसायकलींचे पिस्टन असे जाम झालेले कित्येक मिस्त्रींनी पाहिलेले असतात, चारही बाजूंना उभ्या ओरखड्यांच्या खुणा असलेले. गाडी सुरू झाल्याझाल्या मूठ पिळून पिळून तिला 'गरम' करणारे लोक दिसले, की माझ्या पोटात कालवतं. न हलवता उभी ठेवणं परवडलं, पण हे नको.

काही ठिकाणची थंडी अशी असते, की तिथे हे सगळे हिशेब कोलमडतात. १९२०-३० च्या दशकांत अलास्कात आणि कॅनडाच्या उत्तरेला छोटी विमानं चालवणारे वैमानिक रात्री उतरल्यावर इंजिनातलं सगळं ऑइल गरम असतानाच डब्यात काढून घ्यायचे आणि ते डबे झोपडीत चुलीपाशी नेऊन ठेवायचे. सकाळी इंजिनावर कॅनव्हासचा तंबू टाकायचा, त्याच्याखाली शेगडी पेटवायची, आग लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं, आणि मग गरम ऑइल परत ओतायचं. दुसऱ्या महायुद्धात थंड प्रदेशांतल्या विमानांना आणखी एक सोय होती. इंजिन बंद करण्यापूर्वी ऑइलमध्ये मुद्दाम थोडं पेट्रोल मिसळायचे, म्हणजे सकाळी ते पातळ राहील. इंजिन तापलं की ते पेट्रोल उडून जायचं. आज अलास्कातल्या फेअरबँक्ससारख्या शहरात वाहनतळावर विजेचे प्लग असतात. गाडीच्या इंजिनात बसवलेला हीटर रात्री त्यांना जोडून ठेवतात. सैबेरियाच्या याकुतियात उणे ४०-५० अंशांत लोक गाडीवर जाड गोधडीसारखं आवरण घालतात, कोणी ऊबदार गॅरेज शोधतात, तर कोणी इंजिन बंदच करत नाहीत. मला हे वाचताना नेहमी वाटतं, की जिथे थंडीने खरी परीक्षा घेतली, तिथे माणसं बाहेरून ऊब देण्याकडे वळली. इंजिनाने उभ्या उभ्या स्वतःला तापवावं, हा उपाय त्यांनी शेवटचा ठेवला.

डिझेलचं थोडं निराळं. तिथे ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेत डिझेल पेटतं, म्हणून थंडीत आधी ग्लो प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ऊब देणाऱ्या विजेच्या कांड्या, तापू द्यावे लागतात. डॅशबोर्डवरचा वेटोळ्यासारखा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, ते थांबणं इंजिन सुरू करण्याआधीचं. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद होतो तो आणखी वेगळा प्रश्न. पण एकदा सुरू झालेलं डिझेल इंजिन उभ्याने तर पेट्रोलच्या इंजिनापेक्षाही हळू तापतं.

थांबण्याचं एक कारण मात्र मला पूर्ण पटतं. ते म्हणजे काच. बाहेरून दव गोठलेलं आणि आतून श्वासाची वाफ बसलेली काच घेऊन, मध्ये हाताने पुसलेल्या तळहाताएवढ्या भोकातून बघत निघालेले लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांची भीती वाटते. काच स्वच्छ व्हायला जितका वेळ लागेल, तितका लागू दे. त्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागलं तर ठेवावं, पण सोबत खरवडणीही हातात घ्यावी. आणि बंद गॅरेजमध्ये, शटर अर्धं उघडं असलं तरी, इंजिन कधीही चालू ठेवू नये. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणसाला झोप आल्यासारखं वाटतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मला खिडकीशी येणारा वास मात्र दिसणाऱ्या-कळणाऱ्या गोष्टींचा आहे, आणि तोही साधा नाही. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करायला लागत नाही. तोवर जे बाहेर पडतं, ते जवळजवळ जसंच्या तसं हवेत जातं. छोट्या फेरीत गाडी जितकं प्रदूषण करते, त्यातला मोठा वाटा या पहिल्या दोन-चार मिनिटांचाच असतो. थंड हवा जड असते, धूर वर जात नाही, तो कमरेखालच्या उंचीवर रेंगाळतो. शाळेला निघालेली मुलं तेवढ्याच उंचीची असतात. उभ्या मोटारीत तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत इंधन जातं, ते इंजिनाच्या आकारावर ठरतं. पैशाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. जर्मनीच्या वाहतूक नियमांत विनाकारण इंजिन चालू ठेवायला मनाई आहे, आणि मला तो नियम कडक वाटत नाही, शेजारधर्माचा वाटतो.

यातलं थोडंसं मी शेवटी त्या गृहस्थांना सांगितलं. वडिलांचं चुकलं असं म्हटलं नाही, कारण तसं मला वाटतच नाही. त्यांची गाडी कार्बोरेटरची होती ना, एवढंच विचारलं. ते थबकले. म्हणाले, "होय, चोक ओढायला लागायचा." मग बराच वेळ आम्ही चोकबद्दलच बोललो. त्यांनाही तो जाड होत जाणारा आवाज आठवत होता. पुढे म्हणाले, "पण मग काहीच न करता निघायचं? ते बरं नाही वाटत." त्यांची अडचण मला कळली. थांबण्यात काहीतरी केल्याचं समाधान असतं. काळजी घेतल्याची खूण असते. पहिली पाच-सहा किलोमीटर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा वर न जाऊ देता, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही हलके ठेवून चालवणं, ही त्याच काळजीची आजची रीत आहे, पण ती कोणाला दिसत नाही आणि तिला जास्त धीर लागतो.

आणि खरी अडचण तर त्याच्याही पुढे आहे. माझी एक मैत्रीण गाडी घेऊन कामावर जाते. तिचं ऑफिस इतकं जवळ आहे, की तापमानाचा काटा मध्यावर यायच्या आत ती पोचते. संध्याकाळी पुन्हा तेवढंच. एका थंडीत तिच्याबरोबर मी गॅरेजमध्ये गेले होते. मिस्त्रींनी ऑइल भरायचं टोपण उघडून आमच्यापुढे धरलं. त्याच्या आतल्या बाजूला पिवळसर पांढरा, चिकट, फेसासारखा थर होता. ऑइल बघायची सळई, डिपस्टिक, ओढून त्यांनी नाकाजवळ नेली आणि तिच्या हातात दिली. पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. "गाडी लांब जाते का कधी?" त्यांनी विचारलं. सुरू केल्यावर किती वेळ थांबता, हे विचारलंच नाही. एक लिटर पेट्रोल जळलं, की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. पण थंड इंजिनात थोडं आतच साचतं, पेट्रोल त्यात मिसळतं, आणि दोन्ही उडून जाण्याइतकं ऑइल तापलंच नाही तर दिवसेंदिवस तिथेच राहतं. उणे ७ अंशांना पेट्रोलची गाडी २५ अंशांच्या मानाने सुमारे १५ टक्के कमी ॲव्हरेज देते, आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे आहेत. छोट्या फेऱ्या आणि थंडी एकत्र आली, की गाडीच्या पुस्तिकासुद्धा त्याला कठीण वापर म्हणतात आणि ऑइल लवकर बदलायला सांगतात.

मैत्रिणीने ऑइल बदललं. आता ऑफिसला ती शक्यतो चालत जाते. गाडी काढायची झालीच, तर तीन-चार कामं एकत्र ठेवते आणि परत येताना लांबचा रस्ता घेते, पाऊण तास तरी इंजिन पूर्ण तापलेलं राहील असा. मधूनमधून टोपण उघडून ती मला फोटो पाठवते. थर कमी झाला आहे, पण कडेला अजून आहे. मिस्त्री म्हणतात, अजून थोडी लांब न्या.